पाहणीच्या आठवड्यात घास कोणी भरवावा याविषयी

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मी उमेदीची वर्षे काढली आणि आता अमेरिकेत आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या एका झेरॉक्स व पासपोर्ट फोटोच्या दुकानात, लॅमिनेशनच्या यंत्राशेजारी मला एक खुर्ची मिळालेली आहे. शिक्षण नववीपर्यंत. परंतु लेखणीला शाळेची गरज एका मर्यादेपर्यंतच असते, असे माझे मत आहे आणि ते अनुभवाने बनलेले आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक वयस्कर लोक. कोणाला गावाकडच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा असतो, कोणाला वकिलातीकडे विनंती करायची असते, कोणाच्या सातबाऱ्यावर भावाने परस्पर नाव चढवलेले असते. त्यांची मुले कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर असतात, पण मराठीत चार ओळींचा अर्ज धड लिहू शकत नाहीत. सबब माझे चालते.

हे सांगण्याचे कारण असे की, कागदावरच्या शब्दाने माणसाचे काय होते आणि काय होत नाही, हे मला चार लोकांपेक्षा जास्त समजते. म्हणूनच आक्काच्या नर्सिंग होममधल्या त्या सिस्टरविषयी माझ्या मनात जे होते त्याला मी मत्सर असे सरळ नाव देतो. दुसरे नाव दिले तर ते खोटे प्रतिज्ञापत्र होईल.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनेच मला या देशात बोलावून घेतले. अर्ज तिचा आणि वाट पाहणे माझे. मी येऊन स्थिरस्थावर होतो न होतो तोच तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात व उजवा पाय गेला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, विमानाने जावे लागेल इतक्या लांब, अल्फारेटाला राहतो. नवराबायको दोघेही नोकरीवाले. तेव्हा तिला दुकानापासून चालत जाण्यासारख्या अंतरावरच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवावे असे ठरले. सकाळी ती चहात बुडवलेल्या टोस्टवर भागवी आणि तो डाव्या हाताने खाई. खरी जेवणे दोन आणि ती दोन्ही माझी. दुपारी दुकानातून उठून मी डबा घेऊन जाई, संध्याकाळी पुन्हा जाई. मऊ भात, वरण, तूप, कधी मेतकूट. हाताने कालवायचे आणि हातानेच भरवायचे. लहानपणी आई दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायची, तेव्हा मला आक्काच भरवायची. त्यामुळे तिला घास देण्याचा हक्क वहिवाटीने माझाच आहे, असे मी समजत होतो. या हक्काला कोणी हरकत घेईल असे कधी वाटले नव्हते.

ती सिस्टर नागपूरकडची. वय माझ्या मुलीएवढे, मला मुलगी असती तर. ती सुई टोचत नसे, गोळ्या वाटत नसे. तिचे काम पाहणीचे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक पेशंटची पाहणी व्हायची. पलंगावरून उठवायला किती माणसे लागतात, जेवताना भरवावे लागते की नुसते लक्ष ठेवले तरी पुरते, असे नाना प्रश्न. ते सगळे भरून सरकारात जाई आणि त्यावरून त्या पेशंटपोटी होमला किती मिळावे ते ठरे. ज्याला सेवा जास्त त्याचे जास्त, ज्याला कमी त्याचे कमी. न्याय्य आहे. परंतु पाहणीची तारीख ती सिस्टर स्वतः ठरवी. नियमाने आखून दिलेल्या मुदतीच्या आत तिने एक दिवस धरायचा आणि त्या दिवसाच्या मागचा आठवडा तेवढा विचारात घेतला जायचा. त्या आठवड्यात जे घडले तेच घडले. अलीकडचे पलीकडचे सर्व कागदाच्या दृष्टीने घडलेच नाही.

ज्याने आयुष्यभर तारखा पडताना पाहिल्या, त्यालाच यातले मर्म कळेल. आमच्याकडे तारीख साहेब द्यायचे. पक्षकार माझ्याकडे येऊन विचारायचे, पुढची तारीख जरा सोयीची मिळेल का, आणि मी चष्मा पुसत म्हणायचो, बघू. माझ्या हातात काहीही नव्हते. आणि ही मुलगी पेन्सिलीने कॅलेंडरवर बारीक टिंब करून तारीख पाडत होती. तिचे लिखाण सरकार वाचत होते. माझे अर्ज कोण वाचतो हे मला आजतागायत माहीत नाही.

याहून खोल बोच दुसरी होती. ती आक्काच्या पलंगावर टेकून बसायची, आणि आक्का तिच्याशी बोलायची. आक्काचा खांदा रात्री ठणकतो हे मला त्या सिस्टरकडून कळले. मी आक्काला विचारले, मला का नाही सांगितलेस. ती म्हणाली, तू काय करणार होतास, अर्ज?

आधीच्या पाहणीत आक्का थोडक्यात भागणारी ठरली होती. त्याला दोन कारणे होती. एक तर आक्काला कोणी परक्याने विचारले की तिचा पाठीचा कणा ताठ होतो. "मी माझं माझं करते, मला काही लागत नाही," हे तिचे ठरलेले उत्तर. आमच्या पिढीतल्या बायकांना अंथरुणावरूनही पाहुण्याला चहा घ्या म्हणायची सवय. दुसरे कारण मी. मी भरवीत असल्यामुळे तिथल्या माणसांना भरवावे लागत नव्हते, आणि नातेवाइकांनी केलेली सेवा कागदावर येत नव्हती. परिणामी होमच्या समाजसेविकेने भाच्याला फोन केला की आपल्या आईंना एवढ्या सेवेची गरज दिसत नाही, पुढच्या पाहणीतही असेच निघाले तर दुसरी व्यवस्था पाहावी लागेल.

भाच्याने मला फोन केला. तो वाईट नाही. त्याला सगळे सोपे वाटते इतकेच.

"मामा, मग इकडेच आणतो ना तिला. वरची बेडरूम रिकामीच आहे. आम्ही अलेक्सा लावून देऊ, काही लागलं तर नुसतं बोलायचं."

मी हे आक्काला जसेच्या तसे सांगितले. तिने डाव्या हाताने निकामी पायावरचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाली, "वर चढवतील, खाली कोण उतरवणार? आणि दिवसभर मी काय त्या डबीशी बोलू?" मग तिने माझी बाही धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला नको पाठवूस."

माझ्या आयुष्यात अनेकांनी मला अनेक गोष्टी मागितल्या, पण आक्काने काही मागितल्याचे हे मला आठवणारे एकमेव उदाहरण.

पुढची पाहणी जवळ आली तेव्हा सिस्टरने मला तिच्या ऑफिसात बोलावले. ऑफिस कसले, खोकी ठेवायची खोली होती. तिने खुर्ची दिली आणि म्हणाली, "काका, मावशींची तारीख मी धरून ठेवलीय. पुढचा एक आठवडा तुम्ही या, बसा, गप्पा करा. फक्त भरवू नका. आमच्या लोकांना भरवू द्या."

मी विचारले, माझ्या भरवण्यात काय दोष आहे.

"दोष नाही हो. तुम्ही भरवता ते छानच. पण ते आमच्या खात्यात दिसतच नाही. कागदावर मावशी आपल्या हातानं जेवून राहिल्या."

"म्हणजे तुम्हाला खोटे लिहायचे आहे?"

ती रागावली नाही, हे मला जास्त लागले. ती म्हणाली, "खोटं एक अक्षर लिहीत नाही मी. त्यांना भरवावं लागतं हे खरं आहे ना? मग ते खरं दिसेल अशा दिवसांवर बोट ठेवते, बस."

तर्क बिनतोड होता. असा तर्क माझ्या मुखातून निघायला हवा होता. मी उठलो आणि रस्त्याने चालताना माझ्या मनात एकच विचार पक्का होत गेला: या बाईने माझी तारीख घेतली, माझी लेखणी घेतली, आक्काची गुपिते घेतली, आणि आता माझ्या हातातला घास मागते आहे.

त्या दिवशी दुकानात बसून मी होमच्या प्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला. आधी मराठीत, आणि मग दुकानदाराच्या कॉलेजातल्या मुलीकडून इंग्रजीत करवून घेतला. मुद्दे क्रमवार मांडले. रक्ताचे नाते, वहिवाट, आमच्या समाजात हाताने भरवण्याचे महत्त्व, रुग्णाची इच्छा, आणि शेवटी नम्र विनंती की अर्जदारास भरवण्यास कोणत्याही कर्मचाऱ्याने मनाई करू नये. सिस्टरचे नाव घातले नाही. तेवढा संयम मी पाळला. अर्जात त्रुटी नव्हती. ती आजही काढून दाखवता येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रमुखबाईंनी मला बोलावून हात मिळवला. कुटुंबाने भरवण्याला इथे कोणीही कधीही आडकाठी करणार नाही, अशी त्यांनी ग्वाही दिली आणि माझ्यादेखत सर्वांना तशी सूचना पाठवली. माझा अर्ज मंजूर झाला. मंजूर! तहसीलच्या फाटकाशी एवढी वर्षे बसून मी लोकांना हा शब्द ऐकवण्यासाठी आसुसलो होतो. त्या आठवड्याच्या अखेरीस मी ओक ट्री रोडवरून पेढे घेतले, आक्काला एक भरवला, आणि उरलेले घेऊन मुद्दाम सिस्टरच्या खोलीशी गेलो.

तिने पेढा हातात घेतला. खाल्ला नाही. माझ्याकडे पाहत म्हणाली, "काका, काहून केलं असं?"

मग तिने मला एखाद्या पक्षकाराला समजावतात तसे समजावले. सूचना आल्यापासून जेवणाच्या वेळी आक्काच्या खोलीत कोणी पाऊलच टाकत नव्हते. धरलेला आठवडा त्यामुळे वाया गेला. याच तारखेची पाहणी पाठवली तर आक्का पुन्हा थोडक्यात भागणारी ठरणार आणि भाच्याला पुन्हा फोन जाणार. मी विचारले, मग आता? ती म्हणाली, मुदतीत अजून थोडी जागा आहे, तारीख शेवटच्या टोकाला सरकवता येईल. त्यापुढे मात्र एक दिवसही सरकत नाही.

"सरकवू का?" तिने विचारले. "तुम्ही सांगा. मंजूर अर्ज तुमचा आहे."

हा टोमणा होता की नाही ते मला आजही ठरवता आलेले नाही. मी म्हणालो, सरकवा.

त्यानंतरचा आठवडा मी आक्काच्या पायाशी खुर्ची टाकून हात मांडीवर ठेवून बसलो. डबा रोज घेऊन जात होतो, कारण न घेता निघालो की वाटेतून परत फिरावेसे वाटे. तो बंदच परत येई आणि रात्री मी एकटाच खाई. सिस्टरने सांगून ठेवल्यामुळे भरवायला हैतीची एक थोराड बाई यायची. ती आक्काशी आपल्या भाषेत बोलायची, आक्का मराठीत, आणि दोघींचे व्यवस्थित चाले. उकडून कुस्करलेला बटाटा, गाजराचा लगदा, कोंबडीचे पाणी तेवढे सोडून ट्रेवर येई ते सगळे. माझ्या वरणभाताला नाक मुरडणारी, मीठ कमी म्हणणारी आक्का तो लगदा चमच्याने निमूट खात होती. मला वाटले होते, ती तोंड फिरवेल, माझ्याकडे पाहील. तिने पाहिले, पण निराळ्या कारणासाठी.

"काय रे, साखरपुड्यातल्या नवरदेवासारखा बसलायस नुसता? काहीतरी बोल."

मी म्हणालो, बोलण्यासारखे काही नाही.

"मग एक अर्ज लिही. म्हणावं, बटाट्याचं पीठ बरं लागतंय."

हैतीच्या बाईला शब्द कळले नाहीत, पण आक्का हसली म्हणून तीही हसली. दोघी हसत होत्या आणि माझ्या डब्यातले तूप थिजत होते. मी तिच्या मोठ्या काळ्या हातांकडे पाहत राहिलो. ते हात घाई करीत नव्हते. आक्का गिळेपर्यंत चमचा हवेत थांबायचा. मला त्या थांबण्याचाही हेवा वाटला, का ते तेव्हा समजले नाही.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी बर्फ पडले. पहाटेपासून पडत होते. दुकान बंद, बस बंद. मी डबा स्वेटरच्या आत धरून चालत गेलो. फूटपाथ नाहीच, त्यामुळे रस्त्याच्या कडेला साचलेल्या ढिगांतून. होममध्ये पोहोचलो तर निम्मी माणसे आलीच नव्हती. हैतीची बाईही नाही. आक्काच्या पुढ्यात ट्रे कोणी तरी ठेवून गेले होते आणि त्यातल्या सुपावर साय धरली होती.

"भूक लागलीय," आक्का म्हणाली.

मी घंटेचे बटण दाबले. दारावरचा दिवा लागला. कोणी आले नाही. मी पुन्हा दाबले. व्हरांड्यात अशा सगळ्याच दारांवर दिवे लागलेले होते.

"अरे, तू आहेस ना? भरव की. हात मोडले का तुझे?"

मी तिला समजावले की आज शेवटचा दिवस आहे, सिस्टर म्हणाली होती हाच दिवस मुख्य, आज मी भरवले तर लिहिणाऱ्याला वाटेल हिला कोणाची गरज नाही, आणि मग अल्फारेटा.

"जेवून जाईन की मग," आक्का म्हणाली.

डबा माझ्या मांडीवर होता आणि गरम होता. वास तिच्यापर्यंत पोहोचला होता. तिच्या डाव्या हाताची बोटे पांघरुणावर हलत होती. मी झाकण अर्धे उघडले. पुन्हा लावले. अर्जनवीस माणूस दोन्ही बाजू मांडू शकतो, परंतु उपाशी बहिणीपुढे दुसरी बाजू मांडायला मला एकही वाक्य सापडेना. मी उठलो आणि व्हरांड्यात गेलो.

सिस्टर दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवत होती. पायात बर्फाचे बूट तसेच होते. पाहणीची माणसे एरवी हे काम करीत नाहीत, पण त्या दिवशी जो आला तो सगळेच करीत होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ज्या बाईविरुद्ध मी अर्ज केला होता, तिला मी तोंडी विनंती केली. वाक्यरचना वगैरे काही नव्हती. मी म्हणालो, "सिस्टर, आक्का उपाशी आहे. चला."

ती आली. हात धुतले, हातमोजे चढवले, ट्रेकडे पाहून तिने तो बाजूला सारला आणि विचारले, "डब्यात काय आहे?"

मी सांगितले, मेतकूट भात.

"द्या मग."

मी डबा दिला. ही गोष्ट लिहिताना सोपी दिसते. तिने चमच्याने भात मोडायला सुरुवात केली, पण तिने आयुष्यात कोणाला मेतकूट भात कालवून दिलेला दिसत नव्हता. तूप एकीकडे आणि मेतकूट दुसरीकडे. आक्काने पहिला घास तोंडात धरून कपाळाला आठ्या घातल्या.

सिस्टरने माझ्याकडे पाहिले. "कालवून द्या काका. कालवणं मोजत नाहीत."

मी हात धुऊन आलो. भात मऊ केला, तूप सारखे लावले, लहान लहान गोळे करून डब्याच्या कडेला मांडले. ती एकेक उचलून आक्काच्या तोंडाशी नेत होती. आक्का गिळेपर्यंत थांबत होती. दोघी नागपूरच्या उन्हाळ्याविषयी बोलत होत्या. सगळा डबा संपला. माझ्या हातचा डबा संपूर्ण संपल्याचे मी त्या खोलीत पहिल्यांदा पाहिले. आणि इतका जळालो की बाहेरचे बर्फ मला बरे वाटले.

पाहणी सरकारात गेली. काही दिवसांनी समाजसेविकेने भाच्याला कळवले की आईंना इथल्या सेवेची आवश्यकता आहे, त्यांची व्यवस्था पूर्ववत चालू राहील. भाचा मला म्हणाला, "ओके मामा, मग तर बेस्टच. बेडरूमचं आम्ही ऑफिस करतो." मी आक्काला सांगितले. तिने डोळे मिटून मान हलवली. मग विचारले, सिस्टरला सांगितलंस का. मी म्हणालो, तिला आपल्या आधी माहीत असते.

भरवण्याचा माझा हक्क पूर्ववत झाला. अर्ज अजूनही मंजूरच होता. पहिल्या दुपारी मी नेहमीपेक्षा जास्त तूप घातले, कालवले आणि घास पुढे केला. आक्काने तो घेतला, चावला, गिळला आणि म्हणाली,

"तू कालवतोस चांगलं. भरवते ती चांगलं."

मी विचारले, भरवण्यात असे काय वेगळे असते.

"तुझ्या डोळ्यांत दुकान दिसतं," ती म्हणाली. "गिळायच्या आत दुसरा घास ओठाशी आणतोस. लहानपणी मी तुला असं भरवलं होतं का?"

मी दुकानदाराला कळवले की दुपारी मला उशीर होईल, वाट पाहू नये. आता मी आक्काच्या गिळण्याकडे पाहतो आणि मगच हात पुढे करतो. त्यात तसे कठीण काही नाही. परंतु मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. सिस्टर रोज दुपारी फायली घेऊन दारावरून जाते, आत डोकावते, म्हणते, "काय मावशी, झालं का?" आणि आक्काचे डोळे माझ्यावरून उठून तिच्यामागोमाग व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातात. तेवढा वेळ मी घास हातात धरून थांबतो.